मग भाव करा, बाई

किल्लारीच्या भूकंपाबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले... हे आता सगळ्यांना पाठ झाल्यासारखं आहे. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही ठिकाणी हा आकडा दहा हजारांपर्यंत दिलेला असतो. लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली बावन्न गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली. त्यात मी काही भर घालावी असं नाही. मला सांगायचंय ते त्या कामातल्या एका सुट्टीच्या दिवसाबद्दल. हो, सुट्टीच्याच! तिथे कसली आलीय सुट्टी, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

त्या वर्षी शाळांना दिवाळीची सुट्टी लागली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बारा जण मिरजेहून निघालो. बहुतेक सगळे शिक्षक, दोन डी.एड.ची मुलं, एक कंपाउंडर. तेव्हा मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा मार्ग छोट्या रुळांचा होता. बार्शी लाइट रेल्वे म्हणत तीच. गाडी इतकी सावकाश की डी.एड.चा एक मुलगा म्हणाला, "बाई, मी उतरून चालत पुढे जातो, तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो." जाताना असे विनोद सुचत होते. पोचल्यावर बंद झाले.

किल्लारीच्या जवळच्या एका गावात आमचा मुक्काम होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना विचारलेलं नाही. सैन्याने मृतदेह काढण्याचं काम आम्ही जायच्या आधीच पुरं केलं होतं. माळवदाची घरं, म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात काय गारवा असतो! तोच थर झोपेत अंगावर आला. आता गावाशेजारी पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आम्ही तिथे एका शेडमध्ये मुलांची शाळा घ्यायचो, याद्या करायचो, आलेलं सामान वाटायचो आणि सकाळ-संध्याकाळ शे-दीडशे माणसांचा स्वयंपाक करायचो.

सामानाचं काय सांगू! सारा महाराष्ट्र लोटला होता मदतीला, खोटं नाही. घोंगड्या, बिस्किटं, पाव, तांदूळ. पण जुन्या कपड्यांचे जे ट्रक यायचे ते रस्त्याच्या कडेला ओतून जायचे. नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बायकांनी त्यातल्या झिरझिरीत साड्यांचं आणि पंजाबी ड्रेसचं काय करावं? ते ढीग तसेच पडून असायचे. कुत्री त्यावर झोपायची.

आठवडा झाला तसे आम्ही आतून तुटायला लागलो. दोन सर एका डावावरून (आमटी वाढायचा डाव, पत्त्यांचा नव्हे) इतके भांडले की एकमेकांशी बोलेनात. आमच्यातली एक तरुण बाई कारण नसताना रडायला लागायची. आमचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्या रात्री अण्णांनी फर्मान काढलं, "उद्या सगळ्यांना सुट्टी. कंपाउंडर आणि मी इथे थांबतो. बाकीच्यांनी इथून बाहेर पडायचं, अंघोळ करायची, पोटभर जेवायचं, शहर बघायचं, रात्री परत यायचं." कुणी तरी म्हणालं, अण्णा, इथे लोक असे असताना आम्ही शहर बघत फिरायचं? अण्णा म्हणाले, "लोक गेला महिनाभर असेच आहेत आणि पुढेही राहणार आहेत. तुम्ही आठ दिवसांत असे झालात. सुट्टी घ्यायची म्हणजे घ्यायची."

मग कुठे जायचं यावर चर्चा. नांदेडचा गुरुद्वारा बघायचा असं ड्रॉइंगच्या सरांनी काढलं. लांब होतं, लातूर-अहमदपूर-लोहा करत जायचं. पण एक जीप मिळत होती आणि सात जण तयार झाले. उरलो आम्ही तिघं, सायन्सच्या बाई, मी आणि तो डी.एड.चा विनोदी मुलगा. आम्ही लातूर धरलं. सायन्सच्या बाईंची मावसबहीण तिथे होती, तिच्याकडे गरम पाण्याची अंघोळ मिळणार होती. खरं सांगते, तेव्हा मला गंगास्नानापेक्षा त्याचं अप्रूप होतं.

सकाळी धान्य आणायला जाणाऱ्या ट्रकमधून निघणार, तेवढ्यात शेडमधली एक आजी काठी टेकत आली. आठवडाभर ही आजी आमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. वाढलेलं खायची, भांडं पालथं घालायची, बसून राहायची. म्हणाली, "लातूरला जाऊलालाव का बाई?" हो म्हटलं. तिने कनवटीची पिशवी काढली, त्यातून घडी घातलेल्या दहा-दहाच्या तीन नोटा काढल्या. "मला एक अडकित्ता आणा. चांगला आणा. गंजगोलाईत मिळतो."

मी म्हटलं, आजी, पैसे राहू द्या, आम्ही आणतो. तिने नोटा माझ्या हातात कोंबल्या. "फुकटचा नको."

तिच्यामागे मग आणखी तिघं आली. एका माणसाला बैलाची म्होरकी आणि कासरा हवा होता. म्होरक्या दोन सांगितल्या. एका बाईला तिच्या धाकट्या मुलीसाठी हिरव्या बांगड्या हव्या होत्या. तिने मनगटाच्या मापाचा दोरा गाठ मारून दिला. मुलगी बारा वर्षांची. हातातल्या सगळ्या त्या रात्री दगड उपसताना फुटल्या होत्या. आणि दहावीतली एक मुलगी होती, तिने तर कागदावर यादीच करून आणली. बीजगणित, भूमिती, एक कंपासपेटी, दोन शंभर पानी वह्या. प्रत्येकापुढे अंदाजे किंमत, खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा. परीक्षा मार्चमध्ये होती. बेरीज बरोबर होती. (मी तपासली. सवय!)

चौघांनीही पैसे दिले. एक नोट ढिगाऱ्यातून काढलेली असावी, माती वाळून पापडासारखी ताठ झाली होती.

लामजना, औसा करत लातूरला पोचलो. औशाचा किल्ला ट्रकमधूनच पाहिला. लातुरात पोचल्यावर मला पहिल्यांदा जाणवलं ते आवाजाचं. रिक्षांचे हॉर्न, सायकलच्या घंटा, कुणाच्या तरी टेपवर गाणं. गाव पाडल्यानंतर गावाचा आवाजही जातो, हे आठ दिवसांत कळलं नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर इतकं सगळं चालू होतं. दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली, पणत्या आणि रांगोळ्या विकायला बसलेल्या बायका.

पण जरा आत गेलं की दिसायचं. सायन्सच्या बाईंच्या बहिणीकडे गेलो तर अंगणात ताडपत्रीचा मांडव आणि त्यात खाटा. घराला चीरसुद्धा गेली नव्हती, तरी सगळे महिनाभर बाहेर झोपत होते. चूलही बाहेरच. ती म्हणाली, "आत जाते ती डब्यातलं काढायला. एक हात डब्यात आणि एक पाय उंबऱ्याबाहेर!" हसत हसत सांगत होती, पण आमचं अंघोळीचं पाणी न्हाणीघरात नेऊन ठेवताना खरंच पळत आत गेली आणि पळत बाहेर आली. तिने त्या दिवशी येसर आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. येसर आमटी मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडे कृष्णाकाठी हा प्रकार नाही. भाजलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा तो वास अजून नाकात आहे.

जेवून गंजगोलाईत गेलो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिचा आराखडा केला, मधली इमारत १९१७ सालची. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मधोमध अंबाबाईचं देऊळ, त्याभोवती गोल दुमजली बांधकाम आणि तिथून चारी दिशांना फुटलेले सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक पेठ. सराफांचा वेगळा, चपलांचा वेगळा, मिरचीचा आणि गुळाचा वेगळा. लातूर हे नाव तर त्याहून कितीतरी जुनं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, ते लट्टलूर म्हणजे हेच, असं आम्ही बी.ए.ला शिकलो होतो. शिकलेलं प्रत्यक्ष पायाखाली आलं की बरं वाटतं. असो.

अडकित्त्याचं दुकान शोधून काढलं. दुकानदार वयस्कर, धोतर-टोपी. त्यांनी चार-पाच प्रकारचे अडकित्ते पुढे टाकले. मला त्यातलं काय कळतंय! मी म्हटलं, एका आजींना हवाय, किल्लारीकडच्या आहेत. त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग त्यातला सगळ्यात चांगला उचलून कागदात गुंडाळला आणि म्हणाले, "घेऊन जा. पैसे नकोत."

मी म्हटलं, काका, तसं चालणार नाही. त्यांनी पैसे दिलेत, आणि फुकटचा नको असं बजावून सांगितलंय. परत गेल्यावर हिशेब विचारतील.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी कागद पुन्हा उलगडला, अडकित्ता गादीवर ठेवला आणि म्हणाले, "मग भाव करा, बाई."

आणि आम्ही भाव केला. खरोखरीचा. त्यांनी अठ्ठावीस सांगितले, मी अठरा म्हटलं. त्यांनी पोलादाची जात सांगितली, मी खिळा ढिला असल्याचं दाखवलं. त्यांनी हातोडीने दोन ठोके मारून खिळा घट्ट केला आणि सव्वीसवर आले. शेवटी साडेबावीसला तुटलं. पैसे देताना ती माती लागलेली नोट पुढे आली. त्यांनी ती इतर नोटांसारखीच गल्ल्यात टाकली. सांगत होते, त्या गावांचं गिऱ्हाईक पक्कं. लवकर घेत नाही, पण एकदा दुकान धरलं की तीन पिढ्या सोडत नाही. "तिकडच्या बायका अडकित्ता घेताना सुपारी घरून घेऊन येतात. इथे कातरून बघितल्याशिवाय पैसे काढत नाहीत."

रस्त्यात सायन्सच्या बाई म्हणाल्या, "आपण आठ दिवस त्यांना आपद्ग्रस्त म्हणतोय. हे बघ, यांच्या लेखी ते गिऱ्हाईक आहेत." मला वाटतं त्या दिवसात जे काही होतं ते एवढ्या एका वाक्यात आलं. आम्ही जे द्यायचो ते त्यांनी घ्यायचं. हे नको, ते दाखवा, महाग आहे, पुढच्या वेळी बघू, असं म्हणायची सोय आमच्या वाटपात नव्हती. ती बाजारात असते.

कासाराने दोरा हातात घेऊन दोन बोटांवर धरला आणि सांगितलं, सव्वादोन. पैसे ठरले तेवढेच घेतले. वर एक जास्तीची बांगडी घातली. "ती माझ्याकडून, ती आम्ही घालतोच." पुस्तकवाल्याने विद्यार्थ्यांना नेहमी सोडतात तेवढी रक्कम सोडली, त्यामुळे मुलीची बेरीज चुकली, तिला पैसे परत न्यायचे होते. दोरखंडाच्या दुकानात मात्र थोडं अडलं. दुकानदाराने विचारलं, बैल केवढे? मापं एक का दोन? आमच्याबरोबरचा मुलगा हळूच म्हणाला, "बाई, त्यांचा एकच बैल राहिलाय. मी पाहिलाय." सांगितल्या होत्या दोन. आम्ही दोन घेतल्या.

मग वेळ होता म्हणून सिद्धेश्वराला गेलो, लातूरचं ग्रामदैवत. देवळात गर्दी नव्हती. सायन्सच्या बाई देव मानत नाहीत, त्या ओट्यावर बसल्या आणि बसल्या बसल्या झोपल्या. अर्धा तास मी त्यांना उठवलं नाही. शहर बघणं म्हणाल तर एवढंच. लातूर तेव्हा 'लातूर पॅटर्न'साठी नुकतं नावाजायला लागलं होतं. शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज पाहावं असं शिक्षक म्हणून मनात होतं, ते राहिलं.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. आजी जागी होती. कंदील जवळ ओढून तिने अडकित्ता उघडला, मिटला, पात्यावरून अंगठा फिरवला. पिशवीतून सुपारी काढली (ती तिच्याकडे होतीच!) आणि कातरली. मग विचारलं, कितीला? मी साडेसात रुपये परत दिले. तिने मोजले.

"अडीच रुपये जास्त गेले बगा," ती म्हणाली. "इसाच्या वर द्यायचे न्हाईत. पुढच्या बाजारला मीच येते, तुमाला दावते कसा घ्यायचा ते."

आठवडाभर गप्प असलेली बाई मला भाव करायला शिकवणार होती! तिने सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं. मी सुपारी खात नाही. त्या दिवशी खाल्ली. बांगड्या लगेच हातात चढल्या. म्होरक्यांपैकी एक त्या माणसाने तेव्हाच बैलाला घालून पाहिली आणि दुसरी शेडच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

नांदेडची जीप आली रात्री साडेअकराला. सगळ्यांना जागं करून त्यांनी कडाप्रसाद दिला. ड्रॉइंगच्या सरांच्या हातांना कांद्याचा वास येत होता. गुरुद्वारा पाहून झाल्यावर इतर लोक गोदावरीच्या घाटावर गेले, हे मात्र लंगरमध्ये जेवले आणि तिथेच दोन तास कांदे चिरत आणि थाळ्या घासत बसले. डी.एड.चा मुलगा म्हणाला, "सर, सुट्टीच्या दिवशीपण तेच?"

सर म्हणाले, "तेच नाही ना रे. तिथे माझ्या एका बाजूला पंजाबातून आलेला शेतकरी थाळ्या घासत होता, दुसऱ्या बाजूला नांदेडचाच एक हमाल. तिघंही आधी एकाच पंगतीत जेवून उठलेलो. कोण कुणाला जेवायला घालतंय तेच कळत नव्हतं. इथे मात्र आपणच वाढतो आणि आपणच घासतो. ते नुसते बसून असतात."

यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा वाद झाला. सरांचं म्हणणं, स्वयंपाक गावातल्या बायकांच्या हाती द्यावा. अण्णा चिडले. "ज्यांच्या घरातली चार-चार माणसं गेली त्यांना तुम्ही चूल फुंकायला लावणार? आपण आलोय कशाला मग?" अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यांची माया तर मुळीच खोटी नव्हती. मी अडकित्त्याची गोष्ट सांगितली. अण्णा ऐकून घेत होते पण पटत नव्हतं. तेवढ्यात शेडच्या दारातून आजीच बोलली. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. "तुमची ती चपाती कुणाला गिळतीय का, ईचारलाव का कुणाला? जवारीची पोती पडलीत की तिकडं. दळून आणा. हात रिकामे ऱ्हायले की डोकं लई फिरतंय, मास्तर."

लामजन्याहून दळण करून आणलं. पहिल्या दिवशी चार बायका आल्या, तिसऱ्या दिवशी चौदा. आमच्या फोडणीची त्यांनी यथेच्छ टिंगल केली, मीठ कमी, तिखट कमी, आणि खिचडीला तर काय नाव ठेवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. :) भाकऱ्या थापताना त्यातली एक रडायची, दुसऱ्या दोघी तिच्या वाटणीच्या थापायच्या, मग ती डोळे पुसून परत बसायची. सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. दोन बायका कधीच आल्या नाहीत, त्यांना कुणी बोलावलंही नाही. पण दुपारी त्या आम्हालाच वाढायच्या आणि अण्णांना भाकरी नको म्हणायची टाप नव्हती. ज्या डावावरून भांडण झालं होतं तो कुठे गेला ते शेवटपर्यंत सापडलं नाही. आम्हाला वेळ मोकळा झाला तो शाळेच्या शेडला मिळाला. दहावीच्या त्या मुलीला सायन्सच्या बाईंनी जायच्या दिवसापर्यंत भूमिती शिकवली.

नांदेड मी स्वतः पाहिलं ते बऱ्याच वर्षांनी, २०१२ मध्ये, भावजय आणि भाचीबरोबर. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ती ही जागा, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. आताची मूळ वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची तीनशे वर्षं झाली तेव्हा शहरात बरीच कामं झाली, ते रुंद रस्ते आणि घाट आम्ही पाहिले. मराठी शिकवणाऱ्या माणसाने तिथे एक गोष्ट मनात ठेवून जावं. ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि नामदेवांचं जन्मगाव म्हणून ज्याचा मान आहे ते नरसी तिथून जवळच, हिंगोली जिल्ह्यात. आणि लंगरमध्ये ओळीने बसतात त्याला तेही 'पंगत'च म्हणतात! हे ऐकून मला फार आनंद झाला. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "आत्या, जेव ना आधी." पोळी वाढणारा "परशादा जी" म्हणत येतो आणि ती दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची असते. जेवून झाल्यावर मी थाळ्यांकडे वळले तर तिथल्या एका बाईंनी माझं वय बघून मला थाळ्यांऐवजी लसूण सोलायला बसवलं. तासभर सोलला. ड्रॉइंगचे सर तोवर गेले होते, नाही तर फोन केला असता.

येताना लातूरला उतरलो. गंजगोलाईभोवती गर्दी दुप्पट झालेली. अडकित्त्याचं दुकान काही सापडलं नाही. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच लातूरला आमच्या मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, साधारण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी जायला लागली. आमची ती छोटी रेल्वे आता मोठ्या रुळांची झाली होती म्हणून हे जमलं. मिरजेला स्टेशनवर टँकर भरताना बघायला गर्दी जमायची, मीही एकदा गेले होते. सायन्सच्या बाई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, आजी असती तर म्हणाली असती, लिटरला कितीने दिलं?

तुमच्यापैकी कुणी गंजगोलाईत जाणार असाल तर एक सांगते. आत शिराल त्या रस्त्याच्या तोंडाशी कोणतं दुकान आहे ते नीट बघून ठेवा. सोळाही रस्ते मधून सारखेच दिसतात. आम्ही तिघांनी परतीचा ट्रक गाठायला देवळाला दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि त्या काही भक्तीने नव्हत्या.